८४ फ्लॅट, २८० मीटर : सोसायटीच्या पाण्याच्या प्रकल्प नोंदी

पुण्याच्या पश्चिम भागातली पंधरा वर्षं जुनी सोसायटी. तीन विंग, प्रत्येकी सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट. ए आणि बी विंगमध्ये टू-बीएचके, सी विंगमध्ये थ्री-बीएचके. माणसं साधारण तीनशे. पाणी तीन वाटांनी येतं : महापालिकेची लाइन, दोन बोअर आणि टँकर. बिल वापरानुसार यावं म्हणून घरोघरी पाण्याचे मीटर लावायचे, हा प्रकल्प. कार्यकारिणीत पाण्याचं खातं माझ्याकडे आहे, म्हणून नोंदीही माझ्याच.

६ मे २०२४

एप्रिलचा हिशेब पूर्ण झाला. टँकर ५८, दर १,२०० रुपये, म्हणजे ६९,६०० रुपये. पंपांची वीज, फिल्टर, टाक्यांची सफाई आणि प्लंबरचा महिना मिळून १५,५००. एकूण ८५,१००.

वाटणी आजवर नळजोडांवर होते. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये (क्र. ६७) पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटायचा असंच सांगितलंय. आपल्याकडे टू-बीएचकेला तीन जोड, थ्री-बीएचकेला चार. सगळे मिळून २८०. एका जोडाला ३०४ रुपये पडले. टू-बीएचकेला ९१२, थ्री-बीएचकेला १,२१६. घरात दोन माणसं असोत की सात, आकडा तोच.

दर वेळी कुणीतरी विचारतंच, म्हणून इथे लिहून ठेवतो. या बिलात महापालिकेच्या पाण्याचा एक रुपयाही नाही. पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातून जाते आणि ती मिळकतीच्या करपात्र मूल्यावर ठरते, वापरलेल्या लिटरांवर नाही. २४ तास पाणी योजनेत शहराचे १४१ विभाग पाडलेत, त्यात महापालिका मीटरही बसवतेय, आपल्या गेटपाशी एक बसलाच आहे. पण घरगुती बिल त्यावर अजून निघत नाही. पलीकडे पिंपरी-चिंचवडला मीटरवर बिल येतं आणि वापर वाढेल तसा दर चढतो. तेव्हा आपण जे मीटर लावणार त्याने महापालिकेचं बिल कमी होणार नाही. कमी झालाच तर टँकर होईल.

एक गोष्ट जुळत नाहीये. मार्चमध्ये तिन्ही विंगच्या चढत्या लाइनवर मोठे मीटर बसवले, ते सांगतात एप्रिलमध्ये १७ लाख ४० हजार लिटर वर चढलं. खाली आलेलं पाणी कागदावर असं : महापालिका ९ लाख ९० हजार, बोअर २ लाख ४० हजार, टँकर ५ लाख ८० हजार. बेरीज १८ लाख १० हजार. सत्तर हजार लिटर कुठे गेलं? तळटाकीला गळती असेल असं अध्यक्षांचं मत. मला टँकरचा संशय आहे.

११ मे २०२४

संशय खरा. तळटाकी आतून आठ मीटर बाय पाच मीटर. दहा हजार लिटर पडलं तर पाणी बरोबर २५ सेंटिमीटर चढायला हवं. सकाळी महापालिकेचं पाणी यायच्या आधी सगळे पंप बंद केले, लोखंडी पट्टी टाकीत उभी करून खडूनं खूण केली आणि टँकर पूर्ण रिकामा होईपर्यंत वॉचमनला कॉकपाशी उभं केलं. पाणी चढलं साडेएकवीस सेंटिमीटर. ८,६०० लिटर.

ड्रायव्हर म्हणाला, ‘साहेब, गाडी उतारावर उभी आहे, मागं थोडं राहतं.’ गाडी पुढे घेऊन पुन्हा कॉक उघडला. दोन बादल्या निघाल्या.

५८ टँकर गुणिले ८,६०० म्हणजे जेमतेम पाच लाख. आता बेरीज १७ लाख २९ हजार येते आणि वरच्या मीटरांशी जुळते. तळटाकी निर्दोष. पुरवठादाराला फोन झाला, त्याने ‘बघतो’ म्हटलंय. टँकरच्या तोंडाशी आपलाच दोन इंची मीटर लावायचा आणि पैसे त्यावर द्यायचे, असा प्रस्ताव पुढच्या मीटिंगला मांडतो.

दिवसाला सरासरी ५८ हजार लिटर, माणशी १९० च्या पुढे. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी १३५ लिटरचा आहे. तेवढ्यात भागवलं असतं तर रोजचे ४१ हजार लागले असते, आणि महापालिका अधिक बोअर मिळून रोज ४१ हजारच येतं. म्हणजे एप्रिलचे सगळेच्या सगळे टँकर १३५च्या वरच्या पाण्याचे होते. हे वाक्य नोटीस बोर्डावर लावावं का, यावर कार्यकारिणीत दुमत आहे.

३० मे २०२४

प्लंबरबरोबर डक्टची, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीची, पाहणी. ‘घराला एक मीटर लावून टाका’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकदा डक्टमध्ये डोकं घालायला लावलं पाहिजे. गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक बाथरूमसाठी एक आणि स्वयंपाकघर व ड्राय बाल्कनीसाठी एक असे वेगळे पाइप खाली उतरतात आणि मजल्यामजल्यावर फांदी काढून घरात शिरतात. एका घराचं सगळं पाणी एका जागी येतच नाही. म्हणून टू-बीएचकेला तीन मीटर, थ्री-बीएचकेला चार, एकूण २८०. मुंबईत असोत की बंगळुरूत, जुन्या इमारतींचं घोडं इथेच अडतं. नव्या इमारतीत बिल्डरने सुरुवातीलाच प्रत्येक घराची लाइन एकत्र आणली तर हा खर्च निम्म्याहून खाली येईल.

त्यात सोलरची गरम पाण्याची लाइन वेगळी. तिला मीटर लावायचा तर गरम पाण्याला चालणारा घ्यावा लागतो, तो महाग. सध्या ठरलं असं की सोलरच्या टाक्यांना गार पाणी जातं तिथे दर विंगला एकच मीटर लावायचा, घरनिहाय मोजायचं नाही.

फांदीचा आडवा तुकडा कुठे फूटभर आहे, कुठे वीतभर. मल्टीजेट मीटर (आतलं चाक पाण्याच्या अनेक धारांनी फिरतं तो) आडवाच बसला पाहिजे, उभ्या पाइपवर तो हळू चालतो. मीटरची लांबी १६५ मिलिमीटर, वर दोन बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारे जोड. सी विंगच्या डक्टमध्ये एसीचे डबे आणि कबुतरांची पाच पिढ्यांची वस्ती. तिथे झुल्यावर बसून काम करावं लागेल. प्लंबरने त्याचे वेगळे पैसे सांगितले आणि ते मला रास्त वाटले.

१६ जून २०२४

कोटेशनं आली. अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी मोजणारे) मीटर बसवून एकूण खर्च वीस लाखांच्या घरात. रेडिओ मॉड्यूलवाला यांत्रिक मल्टीजेट फिटिंग-मजुरीसकट ३,००० रुपयांना एक, म्हणजे ८ लाख ४० हजार. टू-बीएचकेला ९,००० आणि थ्री-बीएचकेला १२,००० पडतील. साधा, डोळ्यांनी वाचायचा मीटर आणखी स्वस्त, पण २८० आकडे दर महिन्याला डक्टमध्ये वाकून कोण वाचणार? रेडिओवाल्याचे आकडे जिन्यात उभं राहून हातातल्या यंत्रावर येतात, शिवाय तो दर तासाची नोंद साठवतो.

खजिनदारांना सगळे मीटर सारखेच दिसतात. फरक किती बारीक धार मोजता येते त्यात आहे. अर्ध्या इंचाचा जुन्या वर्गीकरणातला ‘बी’ वर्गाचा मीटर ताशी ३० लिटरच्या खाली भरवशाचा राहत नाही. फ्लशची टाकी गळते ती ताशी पाच-दहा ते वीस लिटरनं. म्हणजे जी गळती पकडायची तीच निसटणार. नव्या वर्गीकरणात आर-८० आणि आर-१६० असे प्रकार आहेत. अर्ध्या इंचात आर-८० ची खालची मर्यादा ताशी ३१ लिटर, आर-१६० ची साडेपंधरा. आपण आर-१६० घेतोय. दर त्याचाच धरलाय.

परतावा : उन्हाळ्याचे आणि आजूबाजूचे मिळून सहा महिने रोज एक टँकर वाचला तर वर्षाला २ लाख १६ हजार. म्हणजे चार वर्षं. ‘एका वर्षात पैसे वसूल’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून पाठवला.

२६ जुलै २०२४

काल खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. आपल्याकडे टँकर बंद होऊन बरेच दिवस झाले. मीटरची मीटिंग ठेवली होती, गणपूर्ती झाली नाही. जूनमध्ये ज्यांनी ‘मीटर लावा नाहीतर मी उपोषणाला बसतो’ म्हटलं होतं, ते लोणावळ्याला धबधबा बघायला गेलेत. पुण्यात पाण्याचा विषय फेब्रुवारी ते जूनमध्येच निघतो.

ए विंगने मात्र लेखी संमती दिली. आधी त्यांच्याकडे ८४ मीटर लावू.

१८ ऑगस्ट २०२४

ए विंगचं काम सुरू. वरच्या दोन मजल्यांनी काम अडवलं. ‘आधीच शॉवर रडतो, त्यात तुमचा मीटर.’ तक्रार खोटी नाही. सातव्या मजल्यावर शॉवरला जेमतेम चार मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब मिळतो, कारण टाकी डोक्यावरच आहे. मीटर पाण्याला थोडं अडवतोच. मिनिटाला दहा लिटर धार असेल तर अर्ध्या इंचाचा मीटर साधारण ३७ सेंटिमीटर दाब खातो. शॉवर आणि नळ एकदम सोडले, धार वीस लिटर झाली, की दीड मीटर दाब जातो, कारण धार दुप्पट झाली की तूट चौपट होते. पाऊण इंचाचा मीटर त्याच धारेला ६० सेंटिमीटरच्या आत राहतो.

सहाव्या-सातव्या मजल्यांना पाऊण इंची मीटर लावायचे ठरले. ते बारीक धार थोडी कमी पकडतात, खालची मर्यादा ताशी २५ लिटर. सातव्या मजल्यावरच्या गळत्या आपल्याला कमी दिसणार, हे मान्य करून पुढे जायचं. ए-७०३ च्या काकूंनी काम झाल्यावर शॉवरखाली बादली लावून घड्याळात वेळ बघितली. आधीचीही बघून ठेवली होती! दहा लिटरला आधी ५८ सेकंद, आता ६१. ‘चालेल,’ म्हणाल्या.

१२ सप्टेंबर २०२४

ए विंगचे पहिले पूर्ण आकडे. गणपतीचे दिवस, घरोघरी पाहुणे, त्यामुळे एकूण वापराला आत्ता अर्थ नाही. मी बघितला तो रात्री दोन ते चारचा वापर. तेव्हा सगळे झोपलेले असतात आणि चांगल्या घराचा आकडा शून्य असतो.

अठ्ठावीसपैकी अकरा घरांत तो शून्य नव्हता.

ए-२०३ मध्ये ताशी १८ लिटर, एका बाथरूमच्या मीटरवर, अखंड. दिवसाला ४३२ लिटर, महिन्याला तेरा हजार. घरात नवरा-बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. तिघांच्या आंघोळी, धुणं-भांडी मिळून जेवढं जातं जवळपास तेवढंच निव्वळ फ्लशमधून वाहून जात होतं. त्यांना पत्ताच नव्हता, कारण पाणी भांड्याच्या मागच्या भिंतीवरून इतकं पातळ पसरून उतरतं की दिसत नाही, आवाजही येत नाही. प्लंबरने फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद कालवली. पाचेक मिनिटांत भांड्यात पिवळी रेघ. आतला रबरी वॉशर वाकडा झाला होता. वॉशर ८० रुपये, मजुरी १५०.

ए-५०४ तर कुलूपबंद. मालक अमेरिकेत. मीटर चालू, ताशी सहा लिटर. (पंधराच्या खाली असूनही त्याने दाखवलं. मर्यादेच्या खाली मीटर थांबतोच असं नाही, कमी दाखवतो इतकंच. म्हणजे खरी गळती याहून जास्त.) किल्ली वॉचमनकडे होती, मालकांना व्हॉट्सॲपवर विचारून बंद करून घेतलं. बंद घर किती वर्षं पाणी पीत होतं कुणास ठाऊक, आणि त्याची वाटणी सगळ्यांच्या बिलात पडत होती.

अकरापैकी नऊ गळत्या फ्लशच्या. ठिबकणारा नळ एकच. लोक मात्र नळाबद्दलच बोलतात, कारण तो दिसतो.

२९ सप्टेंबर २०२४

वार्षिक सर्वसाधारण सभा. प्रथेप्रमाणे गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब आणि मग त्याच जागी सुरू.

मीटरला फारसा विरोध झाला नाही. ए विंगच्या गळत्यांची यादी फ्लॅट क्रमांक झाकून दाखवली, तेवढं पुरलं. पावणेदोन तास वाद झाला तो दर कसा ठरवायचा यावर.

पहिलं मत : सरळ लिटरांवर वाटा. दिसायला न्याय्य, पण आपलं सगळं पाणी एका भावाचं नाही. महापालिकेचं मिळकतकरात आधीच भरलेलं, बोअरचं विजेच्या भावात, आणि टँकरचं हजार लिटरला खरं बघता १४० रुपये. टँकर कुणामुळे मागवावा लागतो हे दिसायला हवं.

दुसरं मत बी-१०१ चं : दिल्लीसारखं ठरावीक लिटरांपर्यंत फुकट. दिल्लीत मीटर असलेल्या घराला महिन्याला २० हजार लिटरपर्यंत बिल शून्य, पण वीसच्या वर गेलात की पहिल्या लिटरपासून सगळ्याचे पैसे. १९,९०० वाल्याला शून्य आणि २०,१०० वाल्याला दणका. सोसायटीत असा कडा ठेवला तर दर महिन्याला रीडिंगच्या दिवशी जिन्यात मारामारी होईल. मी हे बोललो, आणि हा एकच मुद्दा सगळ्यांना एकदम पटला.

खजिनदार मूळचे कराडचे. शेजारच्या मलकापूरने नगरपंचायत असताना, पुण्याच्या कितीतरी आधी, मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं आणि चढते टप्पे ठेवले, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. टप्पे चांगलेच. पण आपला टँकरचा खर्च ऑगस्टमध्ये शून्य आणि एप्रिलमध्ये सत्तर हजार. कायमचे टप्पे ठेवले तर पावसाळ्यात सोसायटी नफ्यात आणि उन्हाळ्यात तोट्यात. सोसायटीला पाणी विकून नफा करायचाच नाहीये.

शेवटी मंजूर झालं ते असं. प्रत्येक फ्लॅटला स्थिर आकार २२० रुपये : वीज, देखभाल आणि रीडिंगचा खर्च त्यात. बारा हजार लिटरपर्यंत आणखी काही नाही, कारण महापालिकेचं पाणी घरटी साधारण तेवढंच येतं. त्या महिन्याचा टँकरचा सगळा खर्च मात्र बारा हजारांवरच्या एकूण लिटरांनी भागायचा आणि ज्याने जितके जास्त वापरले त्याला तितका लावायचा. टँकर नसला तर वरच्या लिटरांचा दर शून्य. दर महिन्याला दर बदलेल, गुणाकार मात्र कुणालाही करता येईल.

मोठ्या कुटुंबांचा प्रश्न सी-६०१ ने काढला आणि तो काढायलाच हवा होता. त्यांच्याकडे आई-वडील, दोघं आणि दोन मुलं. १३५ च्या निकषाने सहा जणांना चोवीस हजार लागतात. चारच्या वर प्रत्येक माणसामागे मर्यादा तीन हजारांनी वाढवायची, हेही ठरावात घातलं. तरीही मोठं कुटुंब थोडं तोट्यातच राहतं. यापेक्षा बरी वाटणी मला सुचली नाही.

६ ऑक्टोबर २०२४

ए विंगच्या ८४ मीटरांची बेरीज टाकीत चढलेल्या पाण्यापेक्षा १४ टक्के कमी. सोलर धरूनही इतकी तूट नको. पहाटे गच्चीवर गेलो. टाकीचा फ्लोट अडकलेला, पंप बंद होत नाही, ओव्हरफ्लोचा पाइप थेट पावसाळी नळीत सोडलेला, त्यामुळे खाली कुणाला पाणी वाहताना दिसतच नाही. फ्लोट बदलला. ओव्हरफ्लोचं तोंड वळवून जिन्याच्या खिडकीसमोर काढलं, म्हणजे वाहिलं की कुणीतरी ओरडेल. तूट ७ टक्क्यांवर आली. त्यातलं बरंचसं सोलरचं.

२४ नोव्हेंबर २०२४

बी आणि सी पूर्ण. मध्ये दिवाळी, मग निवडणूक, प्लंबर मतदानाला गावी. बी विंगमध्ये नऊ मीटर पहिल्याच आठवड्यात अडले : जाळीत वाळू आणि जुन्या जोडांवरचे, पाइप चिकटवायच्या सोल्यूशनचे तुकडे. मीटर लावण्यापूर्वी लाइन पाच मिनिटं मोकळी सोडायची हे कंत्राटात लिहिलेलं होतं.

१५ डिसेंबर २०२४

माणसांची यादी मागवली. सोसायटीची लोकसंख्या एका आठवड्यात ३०२ वरून ३४१ झाली. सासरी नांदणाऱ्या लेकी परत आल्या, पुण्याबाहेर होस्टेलला असलेली मुलं घरी आली, एका घरात तर ‘कामवाल्या मावशी (सकाळी)’ अशीही नोंद. आधार किंवा भाडेकरार मागितल्यावर आकडा ३०९ वर स्थिरावला. भाड्याने दिलेल्या घरांत बिल भाडेकरूने भरायचं की मालकाने, हे त्यांचं त्यांनी बघावं. सोसायटी बिल सभासदाच्याच नावे काढणार.

५ जानेवारी २०२५

मीटरवरचं पहिलं बिल, डिसेंबरचं. टँकर नऊच, प्रत्येकी हजार रुपयांचे. वरच्या लिटरांचा दर हजाराला ३० रुपये. सरासरी टू-बीएचकेला ३२८ रुपये आले, गेल्या डिसेंबरला ३८० होते.

बी-३०२ चे काका ऑफिसात आले. ‘नऊ हजार भरले आणि महिन्याला बावन्न रुपये वाचले. हिशेब केला, चौदा वर्षं लागतील.’ त्यांचा भागाकार बरोबर आहे. एप्रिलपर्यंत थांबा म्हटलं. ‘तोपर्यंत मी असेन ना,’ म्हणाले आणि हसत गेले.

पावसाळ्यात तर हे आणखी उलटं होणार. टँकर नसताना जुन्या पद्धतीने टू-बीएचकेला १६६ रुपये यायचे, आता २२० येतील. रीडिंगचा खर्च आणि जोडांऐवजी फ्लॅटवर केलेली वाटणी, दोन्ही त्यात आहेत. जुलैत या नोंदीकडे बोट दाखवता यावं म्हणून आत्ताच लिहून ठेवतोय.

२८ जानेवारी २०२५

सिंहगड रोड भागातल्या जीबीएसच्या (गिलन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार; त्याचा संबंध दूषित पाण्याशी लावला जातोय) रुग्णांच्या बातम्यांनी सगळे घाबरलेत. बिलाचं कुणी काढत नाही, पाणी प्यायचं की नाही एवढंच विचारतात. क्लोरिनचं तपासणी किट आणलं. महापालिकेच्या पाण्यात उर्वरित क्लोरिन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या वर मिळालं, तेवढं किमान हवंच. टँकरच्या पाण्यात रंगच आला नाही. आता प्रत्येक टँकर रिकामा व्हायच्या आधी तपासतो, नसेल तर टाकीत सोडियम हायपोक्लोराइट घालतो आणि नोंद ठेवतो. तळटाकी रिकामी करून धुतली, वरच्या तिन्हीही. त्यामुळे या महिन्याची तूट फुगलेली दिसेल, ती कुणाच्या माथी मारायची नाही.

४ मे २०२५

एप्रिलचं बिल. याचीच वाट बघत होतो.

दिवसाचा वापर ५८ हजारांवरून ४७ हजारांवर. १९ टक्के घट. महापालिकेने गेल्या वर्षीपेक्षा थोडं कमीच दिलं, बोअरही उतरले, तरी टँकर ५८ चे ३१ झाले. त्यातला थोडा वाटा टँकर भरून यायला लागल्याचाही आहे : तोंडाशी मीटर लागल्यापासून ९,९०० च्या खाली एकही आलेला नाही. दर मात्र १,३०० झाला. टँकरचे ४०,३००, इतर १५,५००, रीडिंग २,८००. एकूण ५८,६००, गेल्या वर्षी ८५,१००.

म्हणजे वापर पाचव्या हिश्शाने घटला, टँकर जवळपास निम्मे झाले आणि बिल तिसऱ्या हिश्शाने उतरलं. तिन्ही आकडे वेगळे असण्याचं कारण ज्याला कळलं त्याला आपल्या पाण्याचा सगळा हिशेब कळला. वाचलेला प्रत्येक लिटर सगळ्यात महागाच्या पाण्यातून, म्हणजे टँकरमधून वजा होतो. वीज-देखभालीचा खर्च मात्र पाणी वाचवून हलत नाही.

वरच्या लिटरांचा दर हजाराला ११५ रुपये. ए-३०२ चे आजी-आजोबा ७,४०० लिटर, बिल २२०, गेल्या एप्रिलला ९१२. चौघांचं सरासरी घर, १५,६०० लिटर, बिल ६३४. सी-६०१ चे सहा जण, २६ हजार, मर्यादा अठरा धरून १,१४०, आधी १,२१६. त्यांचं जेमतेम भागलं. सी-४०२ : चार माणसं, ३१ हजार लिटर, बिल २,४०५. दुप्पट.

पन्नासहून जास्त घरांचं बिल कमी झालं, पण आभार मानायला कुणी आलं नाही. ज्यांचं वाढलं ते सगळे आले.

१० मे २०२५

सी-४०२ चा लेखी अर्ज : ‘मीटर पळतो.’ तपासायचा हक्क त्यांना आहेच. त्यांच्याच स्वयंपाकघराच्या लाइनवर त्यांच्यासमोर बादली लावली. घरातल्या बादलीवर विश्वास नको म्हणून दूधवाल्याचं शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप आणलं आणि त्याने वीस लिटरची खूण बादलीवर पक्की केली. बाकी सगळे नळ बंद. पाच बादल्या, शंभर लिटर. मीटर ९८.६ ने पुढे गेला. चांगल्या धारेला दोन टक्के इकडे-तिकडे चालतं, त्यात तो बसतो, आणि चुकतोय तोही त्यांच्याच बाजूने.

मग दर तासाची नोंद उघडली. रोज सकाळी सहा ते आठच्या तासांत ड्राय बाल्कनीच्या लाइनवर भरपूर वापर. दोन गाड्या, पाइप लावून. शिवाय आरओची टाकाऊ नळी थेट मोरीत, एक लिटर गाळताना तीन लिटर सोडणारी. साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांच्या आई आतून म्हणाल्या, ‘मी सांगत होते ना रे, फडक्यानं पूस म्हणून.’ अर्ज मागे घेतला.

सोलरच्या लाइनवर वापर मार्चपासून वाढत चाललाय. मे महिन्यात कुणाला गरम पाणी इतकं लागतं? काही मंडळींनी बिनमीटरचा नळ शोधून काढलेला दिसतो. बी विंगमध्ये जास्त आहे.

१ जून २०२५

या वर्षी पाऊस मेमध्येच आला, २६ तारखेला मान्सूनही. महिन्याच्या शेवटी टँकर बंद. मे २०२४ आणि मे २०२५ ची तुलना करून कुणी टाळ्या मिळवू नयेत, त्यात पावसाचा हात मोठा आहे. खरी तुलना एप्रिलचीच.

सप्टेंबरच्या सभेसाठी विषय : सोलरच्या लाइनला घरनिहाय गरम पाण्याचे मीटर घ्यायचे की सोलरचं पाणी विंगच्या घरांत समान वाटून प्रत्येकाच्या लिटरांत मिळवायचं (माझं मत दुसऱ्याला, खर्च शून्य). बारा हजारांची मर्यादा महापालिकेचं पाणी घटलं तर खाली आणायची का. रात्रीचा वापर शून्य नसलेल्या घरांना महिनाअखेर वाट न बघता आठवड्याला मेसेज पाठवायचा का. आत्ता अशी चौदा घरं आहेत, त्यातली तीन ए विंगची, जिथे गेल्या वर्षीच वॉशर बदलले होते. स्वस्तातले वॉशर वर्षभरही टिकत नाहीत. प्लंबरला चांगल्या प्रतीचे शंभर एकदम आणायला सांगितलंय.